जो डोकं धरतो, तो मोजतो

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. मानेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पेशंटला पालथं करायचं असलं, की जो डोकं धरतो, तोच मोजतो. खांद्याशी, कमरेशी आणि पायांशी उभे असलेले बाकीचे पाच जण फक्त त्याचा आवाज ऐकतात. एक, दोन, तीन, आणि मग ‘चला’. तीनला कुणी हलत नाही. ‘चला’ म्हटलं की माणूस ओंडक्यासारखा एका तुकड्यात वळतो. डोकं, छाती, पाय, सगळं एका क्षणी.

भूलशास्त्र शिकायला मी त्या हॉस्पिटलमध्ये रुजू झाले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल. पाचव्या की सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा डोकं माझ्या हातात आलं. पेशंट भुलेखाली गेला होता, श्वासाची नळी बसवून झाली होती आणि ट्रॉली टेबलाला चिकटवून उभी केली होती. सर्जन खांद्याशी उभे होते. ते म्हणाले, “हं, मोजा.”

मी मोजलं. वन, टू, थ्री. मास्कच्या आत, स्वतःशी बोलल्यासारखं. आणि थ्रीला वळवायला लागले.

बाकीचे ‘चला’ची वाट बघत उभे. माझ्या हातातलं डोकं वळलं आणि धड जागच्या जागी राहिलं. फार नाही, बोटभर असेल. सरांनी माझं मनगट धरून ते थांबवलं, डोकं परत सरळ करवलं आणि मग स्वतः मोजलं. पेशंट पालथा झाला. सगळे आपापल्या कामाला लागल्यावर सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही मोजत होतात, की जप करत होतात?”

पायांशी आमचे थिएटरमधले मामा उभे होते. हॉस्पिटलमधल्या सगळ्याच पुरुष मदतनिसांना मामा म्हणायची पद्धत होती, पण हे सगळ्यांत जुने. खडकवासल्याच्या पलीकडच्या गावाहून रोज सकाळी सहाची एसटी पकडून यायचे. ते म्हणाले, “मॅडम, ते ठोक्यांचं मशीन बघा. ते बी तुमच्यापरीस मोठ्यानं बोलतंय.”

सगळे हसले. मीही हसले, कारण मास्कमुळे हसणं आणि न हसणं बाहेरून सारखंच दिसतं.

पेशंट संध्याकाळी जागा झाला, हातपाय हलवून दाखवले, चहा मागितला. काही झालं नव्हतं. त्याचे मणके भक्कम होते म्हणून निभावलं. ज्याचे भक्कम नसतात, त्याच्या बाबतीत बोटभर अंतर म्हणजे किती असतं, ते मला पुस्तकातून पाठ होतं.

मी बोलायला हळूच आहे. घरी मराठी, शाळेत सगळं इंग्रजी, आणि दोन्हीकडे चूक होण्याची भीती, त्यामुळे मी लहानपणीच आवाज खाली ठेवायला शिकले. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नसे. त्याने माझं कधी काही अडलंही नाही. मार्क लेखी परीक्षेत मिळतात. वैद्यकीला आल्यावरही अडलं नाही, कारण भुलेखालचा पेशंट बोलत नाही, आणि मला वाटतं, हा विषय निवडताना मी ते मनात कुठेतरी धरलं होतं. आता मात्र पाच माणसं माझ्या आवाजाच्या भरवशावर उभी राहणार होती आणि सहावं माणूस झोपलेलं असणार होतं.

मी सरावाला लागले. मी स्कूटीवरून येत-जात असे, पुण्यातल्या सगळ्या मुलींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळून. त्याच्या आत तुम्ही काय करता ते कुणाला दिसत नाही. नदीवरच्या पुलावर गाडी आली की मी मोजायला लागायचे. एक, दोन, तीन, चला. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले बघत. त्या काळात हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता भरलेला असायचा. काचेला डोकं टेकून झोपलेली पोरंपोरी, माना वाकड्या. मी त्या मानांकडे बघत ओरडायचे, ‘चला.’ बस काही हलायची नाही.

दुसरी गोष्ट मामांनी शिकवली.

हॉस्पिटलमध्ये तेव्हा नवनवीन यंत्रं येत होती. ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं परदेशी मशीन आलं होतं, भिंतीवर चकचकीत पडदा आला होता. पण पालथ्या पेशंटच्या छातीखाली घालायचे दोन लांब लोड मात्र जुनेच होते. मामांनी पेठेतल्या गादीवाल्याकडून रेक्झिनमध्ये शिवून आणलेले. पेशंट त्या दोन लोडांवर असा झोपतो, की छातीच्या आणि कमरेच्या कडा टेकतात आणि पोट मधे मोकळं लोंबतं. पोट दाबलं गेलं तर श्वास अडतो आणि जखमेतून रक्तही जास्त जातं. चेहरा घोड्याच्या नालेसारख्या मऊ टेकूवर ठेवतात, कपाळ आणि गालांची हाडं टेकतील पण डोळे आणि नाक हवेत राहतील असा. डोळ्यावर दाब राहिला तर माणूस मान बरी होऊन उठेल आणि त्याला दिसणार नाही.

हे सगळं मला माहीत होतं. मामांनी विचारलं, “झोपून बघितलंय का?”

“मी?”

“डोकं कोण धरतंय? तुम्ही. मग आधी तुम्ही झोपायचं. ह्या थिएटरची रीतच हाय. मोठ्या मॅडम बी झोपल्यात, सायेब बी झोपल्यात. सायेब तर घोरलं.”

मी नको म्हटलं. इतक्या पुरुषांसमोर टेबलावर पालथं पडायची कल्पनाच मला सहन होईना. थिएटरच्या मुख्य सिस्टरना ते न सांगता कळलं. त्यांनी मामांसकट सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कडी घातली आणि चादर हातात घेऊन म्हणाल्या, “झोपा आता. मी पस्तीस वर्षं बघतेय, इथे झोपून अजून कुणी लहान झालेलं नाही, शहाणं मात्र झालंय.”

त्यांनी मला पेशंटसारखंच मांडलं. हात अंगाला लावून, कोपरांखाली कापूस, गुडघ्यांखाली गादी, नडगीखाली उशी. मग दोन्ही खांद्यांना रुंद चिकटपट्ट्या लावून पायांकडे ताणल्या. खांदे खाली ओढले नाहीत, तर मानेचे खालचे मणके एक्स-रेत त्यांच्याआड जातात. सिस्टर म्हणाल्या, “आता पडून राहा. मी चहा घेऊन येते.”

पहिली दोन मिनिटं बरं वाटलं. मग हनुवटी कुठे आहे हे कळेनासं झालं. मग उजव्या हाताच्या करंगळीत मुंग्या आल्या, नंतर तिच्या शेजारच्या बोटात. मी बोट हलवलं, तर ते उशिरा हललं. खांद्याची पट्टी ओढत होती आणि बोट झोपत होतं. मी जागी होते म्हणून मला कळत होतं. मी हाक मारली. ऐकू गेली नाही. परत मारली, आणखी मोठ्याने, तेव्हा सिस्टर कप घेऊनच आत आल्या.

“काय झालं?”

“करंगळी.”

“कळलं ना? झालं तर.” त्यांनी पट्टी सोडली.

त्यानंतर सहा-सात वेळा डोकं माझ्या हातात आलं. मी मोजलं, आणि माणसं वळली. मामा दर वेळी पायांकडून म्हणायचे, “जरा अजून.”

मग ते आजोबा आले.

शनिवार पेठेत राहणारे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. चाळीस वर्षं उंच स्टुलावर बसून, मान वाकवून कालव्यांचे आणि धरणांच्या दरवाजांचे नकाशे काढलेले. कचेरीत संगणक आले आणि ड्रॉइंगचे लाकडी बोर्ड जिन्याखाली गेले, तेव्हा त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. आता मानेत मज्जारज्जू तीन ठिकाणी चिमटला होता. चालताना तोल जायचा. डाव्या हाताला सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. उजवा हात अजून शाबूत होता.

सरांनी ठरवलं, की यांना जागेपणीच नळी घालायची, जागेपणीच पालथं करायचं आणि हात हलतायत हे बघून मगच भूल द्यायची. मान इतकी नाजूक होती, की कुठे चुकलं तर ते त्यांनीच सांगायला हवं. पण नळी घातलेला माणूस बोलू शकत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मला त्यांच्याकडे खुणा ठरवायला पाठवलं.

मी कॉटशी उभी राहून समजावायला लागले. दोन वाक्यांनंतर त्यांनी हात वर केला.

“अहो डॉक्टर, माझी मान गेलीय. कान ठीक आहेत, पण इतकेही ठीक नाहीत.”

“अहो, गप्प बसा ना जरा,” शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या. “ती एवढी सांगतेय.”

“सांगतेय असं तिला वाटतंय. मला फक्त ओठ दिसतायत.”

मी परत पहिल्यापासून सांगितलं, पुलावरच्या आवाजात. पलीकडच्या कॉटवरचा माणूस उठून बसला. आजोबा म्हणाले, “हां. आता सोसायटीतही कळलं.”

मग त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान मागितलं आणि उशीखालून पेन्सिल काढली. डाव्या हाताची बोटं कागद धरत नव्हती, म्हणून त्यांनी मनगटाने तो दाबून ठेवला. “मी कसा झोपणार ते सांगा. शब्द नकोत. कुठे काय टेकतंय, कुठे मोकळं आहे, कुठून काय ओढलंय.”

मी सांगत गेले आणि ते काढत गेले. बाजूने दिसणारं टेबल, लोड, त्यावर माणूस, नालेसारखा टेकू, आणि खाली जमिनीवरचा आरसा, ज्यात मला त्यांचे डोळे दिसणार होते. फूटपट्टी नव्हती हाताशी. रेघ मात्र पट्टीने ओढल्यासारखी. खांद्याच्या पट्टीची रेघ त्यांनी पायांकडे घट्ट ओढली आणि टोकाला छोटा बाण केला.

“मुलगा संगणकावर घरं काढतो,” ते म्हणाले. “परवा एक दाखवलं. संडासाचं दार उघडलं की बेसिनला लागतं. म्हटलं, माणूस पातळ करून घ्या.”

“तुम्ही अजून काढता?”

“रोज सकाळी एक तास. कुणाला नको असतं. मला हवं असतं.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “डाव्याचं मी मनावर घेत नाही. सुधारला तर सुधारला. पण उजवा जसा आत नेताय, तसाच बाहेर आणायचा. त्यात घासाघीस नाही.”

आजींनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मी आश्वासन दिलं नाही. देता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, “मग खूण उजव्या हाताचीच ठेवू.” आम्ही ठरवलं, की मी विचारलं की त्यांनी अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची, जशी आपल्याकडे हिशेबाला मोजतात तशी. चार बोटं, बारा पेरं. उजव्याने त्यांनी लगेच करून दाखवलं. डाव्याचा अंगठा मधल्या बोटापाशी थांबला. मी तसं लिहून घेतलं आणि नकाशा घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घसा बधिर करून, दुर्बिणीतून बघत, आमच्या भूलविभागाच्या मोठ्या मॅडमनी नळी घातली. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी हात हलवले नाहीत. ट्रॉलीवर ते उठून बसले, आणि मग टेबलाच्या कडेला. मी डोकं धरलं. नळी माझ्या बोटांमधे होती.

“एक,” मी म्हटलं. “दोन. तीन. चला.”

ते आपलेआपण वळले, आम्ही फक्त भार घेतला. मामा पायांकडून काही बोलले नाहीत. त्यावरून मी समजले, की आवाज पोचला.

लोड सरकवले, पोट मोकळं केलं, कोपरांखाली कापूस दिला, चेहरा टेकूवर बसवला. आरशात मला त्यांचे दोन्ही डोळे दिसले, उघडे आणि मोकळे. टेकू जागेवर होता तरी मी डोक्यावरचे हात काढले नव्हते. मग खांद्यांच्या पट्ट्या ताणल्या आणि एक्स-रे घेतला. पडद्यावर सातही मणके ओळीत उभे.

“वा,” सर म्हणाले. “असा फोटो रोज मिळत नाही. झोपवा.”

मोठ्या मॅडमनी भुलेच्या औषधाची सिरिंज जोडली.

मी आरशात बघत म्हटलं, “आजोबा, मोजा.”

उजवा अंगठा हलला. तर्जनीची तीन. मधल्या बोटाची तीन. अनामिकेशी तो रेंगाळला. करंगळीपर्यंत पोचलाच नाही. ते थांबले आणि पुन्हा तर्जनीपासून सुरू केलं, गणित चुकलं म्हणून पाटी पुसून पहिल्यापासून मांडावं तसं. पुन्हा तिथेच थांबले.

सर हात धुवायला निघाले होते. ते दारातून म्हणाले, “घशाला दिलेल्या औषधाने सुस्तावलेत. सगळं छान बसलंय, आता हलवू नका.”

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. औषध होतं, वय होतं, आणि एकदा बसवलेली मान परत हलवण्यातही धोका होता. मॅडमचा अंगठा सिरिंजवर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आरशात पाहिलं. आजोबा सुस्तावलेले नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, अगदी सरळ, आदल्या संध्याकाळी ‘घासाघीस नाही’ म्हणताना पाहिलं होतं तसे. आणि ती करंगळी मला माहीत होती. त्याच पट्टीखाली माझीही तशीच झोपली होती.

“थांबा,” मी म्हटलं.

सर वळले. “काय?”

“भूल देऊ नका. कुणी हलू नका. उजव्या खांद्याची पट्टी सोडा.”

“पट्टी सोडली तर खालचे दोन मणके दिसणार नाहीत.”

“नाही दिसणार.” माझा आवाज थिएटरच्या टाइल्सवर आपटून मलाच ऐकू आला. “मान तशीच राहू दे. फक्त पट्टी.”

मामा पायांकडून हळू म्हणाले, “डोकं त्यांच्या हातात हाय, सायेब.”

सरांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. मामांनी पट्टी सोडली. खांदा थोडा वर आला. पडद्यावर खालचे मणके धुरकटले.

मी थांबले. किती वेळ ते सांगता येत नाही. मॉनिटरचे ठोके चालू होते. आरशात आजोबांनी डोळे मिटले होते.

“मोजा,” मी म्हटलं.

तर्जनी. मधलं बोट. अनामिकेची तीन, सावकाश. करंगळीचं एक पेर. दोन. तिसऱ्यावर अंगठा टेकला आणि तिथेच दाबून राहिला.

“बारा,” सिस्टर म्हणाल्या.

“आता द्या,” मी म्हटलं आणि मॅडमनी औषध दिलं.

एक्स-रेचा प्रश्न सरांनीच सोडवला. फोटो हवा असेल तेवढ्या क्षणापुरता खांदा हाताने ओढायचा, लगेच सोडायचा. पुढचे तीन तास मामा टेबलाशी बसून तेच करत होते. दर पंधरा मिनिटांनी मी वाकून आरशात डोळे बघत होते. सर एकदा मास्कमधून म्हणाले, “जप बंद झाला वाटतं तुमचा.” त्यापलीकडे ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत, आणि मलाही नको होतं.

दुपारी नळी काढल्यावर मी त्यांच्या कॉटशी गेले. बाहेर आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. मी विचारायच्या आधीच आजोबांनी चादरीबाहेर उजवा हात काढला आणि पेरं मोजून दाखवली. बारा. डावा होता तिथेच होता, मधल्या बोटापाशी.

घसा बसलेला. ते कुजबुजले, “केवढ्यांदा ओरडता हो.”

महिना-सव्वा महिन्याने ते तपासणीला आले, गळ्यात कॉलर, हातात काठी. डाव्या हाताचा अंगठा अनामिकेला शिवत होता. त्यांनी आपला नकाशा मागितला. तो तोपर्यंत हात धुवायच्या बेसिनवर, मामांनी चिकटपट्टीने लावला होता. मी काढून आणला. त्यांनी पान टेबलावर ठेवलं, या वेळी डाव्या हाताच्या बोटांनी धरून, जेमतेम. खांद्याची ती घट्ट रेघ खोडरबराने पुसली आणि तिच्या जागी दुसरी काढली, तुटक तुटक, सारख्या अंतराची.

“तुटक रेघ म्हणजे तात्पुरतं,” ते म्हणाले. “ओढायचं आणि सोडायचं. नकाशा चुकीचा टांगून ठेवू नये. लोक त्यावरून बांधतात.”

पान परत बेसिनवर गेलं. त्यानंतरच्या जुलैत आमच्याकडे एक नवीन मुलगी शिकायला आली. हुशार होती, आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. पहिल्या मानेच्या केसच्या सकाळी तिने मला हळूच विचारलं, “मॅडम, डोकं मी धरायचं का?”

मामा दारात लोड घेऊन उभे होते. मी सिस्टरना कडी लावायला सांगितली.

“धरायचं,” मी म्हटलं. “आधी झोपा.”